बिल्डिंग रिकामी असताना मीटर कशासाठी फिरतो?

ग्रीन बिल्डिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गच्चीवरचे सोलर पॅनेल येतात, लॉबीत लावलेली सर्टिफिकेटची चकचकीत पाटी येते, नाहीतर भिंतीवरून खाली सोडलेल्या वेली येतात. यातलं काहीच वाईट नाहीये, पण एनर्जी वाचवायची असेल तर सुरुवात इथून करायची नसते. सुरुवात करायची रात्रीपासून, म्हणजे ऑफिसात कोणीही नसतं तेव्हा वीज किती जातेय ते आधी बघायचं.

साधा हिशोब आहे. वर्षात ८,७६० तास असतात. एखादं ऑफिस आठवड्याचे पाच दिवस, रोज दहा तास चालतं असं धरलं तर वर्षाचे झाले २,६०० तास. उरलेले ६,१६० तास, म्हणजे वर्षातला जवळपास ७० टक्के वेळ ती जागा रिकामी असते. आता त्या रिकाम्या वेळात नुसता ५ किलोवॅटचा लोड विनाकारण चालू राहिला तरी वर्षाला ३०,८०० युनिट गेले, आणि ५ किलोवॅट म्हणजे मोठ्या बिल्डिंगमध्ये काहीच नाही, एक-दोन मोठे पंखे आणि पार्किंगमधले दिवे मिळूनसुद्धा तेवढं होतं.

आणि हे कोणी मुद्दाम करत नाही हो. कधीतरी संध्याकाळी एखादा कार्यक्रम होता म्हणून व्हेंटिलेशनच्या फॅनचा टायमर बायपास केलेला असतो आणि तो परत ऑटोवर टाकायचं राहून जातं, मग तो फॅन महिनोन्‌महिने रात्रभर रिकाम्या मजल्यांना हवा घालत बसतो. सर्व्हर रूम गरजेपेक्षा जास्त थंड ठेवलेली असते कारण पहिल्या दिवशी कोणीतरी तसं सेट केलं आणि नंतर हात लावायची कोणाला भीती वाटते. गरम पाण्याचा सर्क्युलेशन पंप चालूच, मॉनिटर स्टँडबायवर, जिन्यातले दिवे दिवसासुद्धा. एकेक गोष्ट किरकोळ वाटते आणि कोणत्याच एका माणसाची ती जबाबदारी नसते, खरी गोम तिथेच आहे. मला विचाराल तर बिल्डिंगमधली बरीचशी उधळपट्टी मशीन जुनं असल्यामुळे होत नाही, ती होते कारण बघणारा कोणी नसतो आणि जो पैसे भरतो त्याच्या हातात बटण नसतं. हा लेख मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे.

विषय केवढा मोठा आहे त्याचा एक अंदाज देतो. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या हिशोबाने जगात शेवटी वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेतली साधारण ३० टक्के नुसती इमारती चालवायला लागते, आणि ऊर्जेमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातला साधारण २६ टक्के वाटा इमारतींचा आहे. इमारत बांधायला लागणारं सिमेंट आणि स्टील त्यात धरलेलं नाही, ते वेगळं.

आधी मोजा, मग बोला

महिन्याचं बिल बघून काही कळत नाही. बिल फक्त सांगतं की इतके युनिट झाले, कधी झाले आणि कशाने झाले ते सांगत नाही. स्मार्ट मीटर असेल तर दर १५ मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा डेटा मिळतो, आणि त्याचा एका आठवड्याचा ग्राफ काढला तरी बिल्डिंगचं निम्मं रहस्य उघडं पडतं. सकाळी लाइन कधी वर जाते, संध्याकाळी कधी खाली येते, रात्री कुठे स्थिर होते, आणि सुट्टीच्या दिवशी ती कामाच्या दिवसासारखीच दिसते का? रात्रीची पातळी दुपारच्या पातळीच्या निम्मी असेल तर काहीतरी चुकतंय हे सांगायला कन्सल्टंट लागत नाही. हॉस्पिटल किंवा हॉटेल असेल तर गोष्ट वेगळी, तिथे रात्र रिकामी नसते.

दोन बिल्डिंगची तुलना करायची असेल तर वर्षाचे एकूण युनिट भागिले एकूण क्षेत्रफळ असा आकडा काढतात, म्हणजे एका चौरस मीटरला वर्षाला किती युनिट. गॅस, डिझेल वगैरे जळत असेल तर तेही युनिटमध्ये बदलून त्यात धरायचं. हा आकडा उपयोगी आहे पण भोळा आहे. एका बिल्डिंगमध्ये तळघरात डेटा सेंटर असेल आणि दुसरीत निम्मे मजले रिकामे असतील तर दुसरी आपोआप गुणी ठरते. म्हणून शेजारच्या बिल्डिंगशी तुलना करण्याआधी स्वतःच्याच गेल्या वर्षाशी करा, आणि तीसुद्धा हवामान लक्षात घेऊन. यंदा उन्हाळा सौम्य होता म्हणून बिल कमी आलं आणि मॅनेजमेंटने स्वतःची पाठ थोपटून घेतली, असं अगदी सर्रास होतं.

मोठी बिल्डिंग असेल तर सबमीटर लावायचे. एसीचा वेगळा, लिफ्टचा वेगळा, प्रत्येक भाडेकरूचा वेगळा. सबमीटरने स्वतःहून एक युनिटही वाचत नाही हे खरंय, पण तो नसेल तर पुढची सगळी चर्चा अंदाजपंचे चालते.

उष्णता येते कुठून

आता जरा टेक्निकल, पण अवघड नाही. एसीचं काम थंडी बनवणं नसतं, आतली उष्णता उचलून बाहेर टाकणं एवढंच असतं. म्हणजे प्रश्न असा की आत उष्णता येते कुठून? काचेतून येणारं ऊन, भिंती आणि छतातून झिरपणारी उष्णता, फटींमधून घुसणारी हवा, मुद्दाम आत घेतलेली ताजी हवा, दिवे, कम्प्युटर, आणि माणसं. नुसता बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, म्हणजे भरलेल्या मीटिंग रूममधले वीस जण मिळून दोन किलोवॅटचा हीटर. थंड प्रदेशात हेच उलटं चालतं, तिथे आतली उष्णता त्याच भिंती, काचा आणि फटींमधून बाहेर पळते.

यात काच हा सगळ्यात नाजूक भाग. साध्या एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असेल तर, साधारण ५.७ वॅट उष्णता जाते. दोन काचांच्या मधे हवा कोंडलेली असेल तर ती निम्म्यावर येते. आणि त्या काचेवर लो-ई कोटिंग असेल, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा धातूचा अतिशय पातळ थर, आणि मधे हवेऐवजी आर्गॉन गॅस असेल तर आकडा १.१ ते १.४ पर्यंत खाली जातो. पण हे झालं तापमानातल्या फरकामुळे जाणाऱ्या उष्णतेचं. थेट ऊन आत येत असेल तर त्यासाठी सावली लागते आणि ती बाहेरून लागते. आतून पडदा लावला तर ऊन आधीच काच ओलांडून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. जुन्या बांधकामात खिडकीवर छज्जा असायचा तो उगाच नव्हता. मग सगळीकडे गुळगुळीत काचेचे डबे उभे राहिले आणि आत मोठमोठे एसी बसवले, याला प्रगती म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

हवाबंदपणा आणि इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, किती लांब नेता येतं याचं जुनं उदाहरण जर्मनीत डार्मश्टाटला आहे. वोल्फगांग फाइस्ट आणि बो अॅडमसन यांच्या कल्पनेतून तिथे १९९१ मध्ये एका रांगेतली चार घरं उभी राहिली, त्यातूनच पुढे पॅसिव्ह हाउस हे स्टँडर्ड आलं. त्यात खोल्या गरम ठेवायला एका चौरस मीटरला वर्षाला जास्तीत जास्त १५ युनिट एवढीच मुभा असते. तिथे काही जादुई मशीन नाहीये. जाड इन्सुलेशन, चांगल्या खिडक्या, फटी बंद, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारा एक्स्चेंजर.

यातूनच या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा क्रम निघतो: आधी गरज कमी करा, मग मशीन निवडा, आणि सोलर वगैरे त्यानंतर. बहुतेक ठिकाणी हे उलट्या क्रमाने होतं. आधी भलामोठा नवा चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन, घेतात, दोन वर्षांनी काचा आणि दिवे बदलतात, आणि मग तो चिलर अगदी कमी लोडवर धापा टाकत चालतो कारण बरीच मशीन फार कमी लोडवर नीट चालत नाहीत.

क्रम पाळला तर काय होतं ते एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये दिसलं. न्यूयॉर्कमधली ही इमारत १९३१ सालची, खिडक्या ६,५१४. २००९ मध्ये तिथे ऊर्जा वाचवण्याचं मोठं काम जाहीर झालं. खिडक्या फेकून नव्या आणण्याऐवजी त्यांनी इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर तात्पुरतं वर्कशॉप टाकलं, काचा काढून आणल्या, दोन काचांच्या मधे फिल्म बसवली, गॅस भरला आणि परत लावल्या. जुनी काच आणि फ्रेम जवळजवळ सगळी पुन्हा वापरात आली. रेडिएटरच्या, म्हणजे खोली गरम करणाऱ्या यंत्राच्या मागे, बाहेरच्या भिंतीच्या बाजूला, उष्णता परत खोलीत फिरवणारा थर लावला, दिवे आणि कंट्रोल सुधारले. आणि मग खरी गंमत झाली: या सगळ्यामुळे थंडाव्याची गरजच इतकी उतरली की चिलर प्लांट बदलून मोठा करायची गरज राहिली नाही, आहेत तेच चिलर आतून नवे करून भागलं. तो वाचलेला खर्च बाकीच्या कामाला उपयोगी पडला. अंदाज होता ऊर्जेत ३८ टक्के कपात, वर्षाला ४४ लाख डॉलरची बचत आणि जास्तीचा खर्च साधारण तीन वर्षांत वसूल. खिडक्यांचा हिशोब एकट्याने केला असता तर कोणत्याही अकाउंटंटने फाइल बंद केली असती. चिलरच्या हिशोबाबरोबर धरला म्हणून तो जमला. अशा कामात एकेक वस्तू सुटी तपासली की गणित हमखास चुकतं.

पंखे आणि पंप, म्हणजे न दिसणारा खर्च

लोक एसीच्या कॉम्प्रेसरबद्दल बोलतात पण मोठ्या बिल्डिंगमध्ये हवा आणि पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलायलाच भरपूर वीज जाते. आणि इथे फिजिक्स आपल्या बाजूने आहे. फॅन किंवा सर्क्युलेशन पंपाचा वेग कमी केला की लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. म्हणजे वेग ८० टक्के केला तर पॉवर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्के. हवा पाचव्या हिश्श्याने कमी झाली आणि वीज जवळपास निम्मी! वेग अर्धा केला तर पॉवर आठवा हिस्सा. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हचं थोडं नुकसान धरावं लागतं, आणि पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर हा नियम असा सरळ लागू होत नाही, पण बंद पाइपात फिरणारं पाणी आणि डक्टमधली हवा यांच्यासाठी तो छान चालतो.

तरीही असंख्य ठिकाणी काय करतात, तर फॅन फुल स्पीडला ठेवतात आणि हवा जास्त झाली तर डँपर, म्हणजे डक्टमधली हवा आवरणारी झडप, अर्धवट बंद करतात. गाडीचा अॅक्सिलरेटर तळाला दाबून ठेवायचा आणि स्पीड ब्रेकने आवरायचा, तसलाच प्रकार. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, नेमका यासाठी असतो. तो बसवलेला असतो पण मॅन्युअलवर टाकून १०० टक्क्यांवर चालवला जातो, हेही पुष्कळ बघायला मिळतं, म्हणजे पैसे खर्च केले आणि फायदा शून्य.

हीटिंगमध्ये अशीच मोठी झेप हीट पंपाची आहे. साधा इलेक्ट्रिक हीटर एक युनिट वीज खाऊन एकच युनिट उष्णता देतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उचलून आणतो म्हणून एका युनिटमागे तीन ते चार युनिट उष्णता मिळू शकते, कडाक्याच्या थंडीत कमी. दिव्यांबद्दल फार बोलत नाही, एलईडीचं सगळ्यांना पटलेलं आहे. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. फक्त एवढंच लक्षात ठेवा की रिकाम्या खोलीत जळणारा एलईडीसुद्धा उगाचच जळतोय.

बसवलंय, पण नीट चालतंय का

नव्याकोऱ्या बिल्डिंगमध्येही गडबड असतेच. तापमानाचा सेन्सर फोटोकॉपी मशीनच्या मागे बसवलेला असतो, त्याला वाटतं खोली तापलीय, मग तो अख्खा मजला गारठवतो. एकाच मजल्यावर एक युनिट हीटिंग करत असतं आणि शेजारचं कूलिंग, दोघं रात्रंदिवस एकमेकांशी भांडतात, आणि खोलीत तापमान मात्र ठीक असतं त्यामुळे कोणी तक्रारच करत नाही. तक्रार आली नाही म्हणजे सगळं बरोबर चाललंय हा समज फॅसिलिटीच्या कामात फार महागात पडतो.

हे सगळं शोधून, सेटिंग तपासून, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि डँपर खरंच हलतो का ते बघून दुरुस्त करण्याला कमिशनिंग म्हणतात, जुन्या बिल्डिंगसाठी रेट्रोकमिशनिंग. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कले नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये ६४३ इमारतींचा असा अभ्यास मांडला होता, त्यात जुन्या इमारतींमध्ये मधली बचत १६ टक्के निघाली आणि पैसे वसूल व्हायला लागला साधारण १.१ वर्ष. नवीन मशीन फारसं न घेता! त्या मानाने यावर बोललं किती कमी जातं बघा, कारण यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं. कोणी फीत कापून म्हणणार आहे का की आम्ही आज सेन्सर सरकवला?

एक इशारा मात्र द्यायला हवा. वीज वाचवायची म्हणून ताजी हवा बंद करू नका. ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढला की लोक पेंगायला लागतात, डोकं दुखतं, आणि कोणत्याही ऑफिसात विजेपेक्षा माणसांच्या पगारावर कितीतरी जास्त खर्च होतो, त्यामुळे वीज वाचवून माणसं मंद करण्यात धंद्याचा तोटाच. त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावून माणसं जास्त असतील तेव्हा जास्त हवा आणि कमी असतील तेव्हा कमी, असं करा.

तापमानाचंही तसंच. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ च्या उन्हाळ्यात कूल बिझ नावाची मोहीम काढली, एसी २८ अंशांवर ठेवा आणि कामावर टाय-जॅकेट घालू नका. मला त्यातला दुसरा भाग जास्त हुशारीचा वाटतो. नुसतं तापमान वाढवा म्हटलं असतं तर लोक सुटात घामाघूम होऊन बसले असते आणि आठवड्याभरात सेटिंग परत खाली आलं असतं. त्यांनी आधी कपड्यांचा नियम सैल केला, अगदी मंत्री स्वतः बिनटायचे दिसायला लागले, त्यामुळे बाकीच्यांची भीड चेपली.

पैसे कोण घालतो आणि वाचतात कोणाचे

आता धंद्याचा भाग, आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं. समजा जागा मालकाची आहे आणि वीजबिल भाडेकरू भरतो. चांगला एसी घ्यायचा तर खर्च मालकाचा, बचत भाडेकरूची. मालक म्हणेल, मी का घालू? भाडेकरू म्हणेल, माझा करार तीन वर्षांचा, दुसऱ्याच्या बिल्डिंगमध्ये मी का पैसे गुंतवू? दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि एसी तसाच जुना. उलटी सोय असेल, म्हणजे भाड्यातच वीज धरलेली असेल, तर भाडेकरूला काहीच पडलेली नसते, खिडकी उघडी आणि एसी चालू. एकाच कंपनीच्या आतसुद्धा हे होतं: बांधकामाचं बजेट एका टीमचं, बिल भरणारी टीम दुसरी, आणि पहिल्या टीमला शाबासकी मिळते ती बांधकाम स्वस्तात उरकल्याबद्दल.

यावर एक उपाय करारातच आहे, त्याला ग्रीन लीज म्हणतात. करारात लिहायचं की सुधारणेचा खर्च मालक करेल आणि भाडेकरूच्या वाचलेल्या बिलातला ठरलेला हिस्सा काही वर्षं मालकाला जाईल, मीटरचा डेटा दोघांना दिसेल, आणि जागेत फिटआउट, म्हणजे आतलं काम, करताना अमुक दर्जाचे दिवे आणि उपकरणंच लागतील. पाच-सहा कलमांचं काम आहे पण करार करताना वकील आणि ब्रोकर यांना घाई असते, आणि हा मुद्दा राहूनच जातो.

दुसरा उपाय म्हणजे माहिती उघड करणं. ऑस्ट्रेलियात नेबर्स नावाचं रेटिंग आहे, ते डिझाइन बघून देत नाहीत, बिल्डिंग प्रत्यक्ष बारा महिने कशी चालली त्या मीटरच्या आकड्यांवरून देतात, आणि बिल्डिंगच्या कॉमन यंत्रणेचं रेटिंग वेगळं आणि भाडेकरूच्या जागेचं वेगळं, त्यामुळे ढकलाढकली जमत नाही. २०१० च्या तिथल्या कायद्याने मोठी ऑफिसची जागा विकताना किंवा भाड्याने देताना हे रेटिंग दाखवणं बंधनकारक केलं, २०१७ पासून ही मर्यादा १,००० चौरस मीटरपर्यंत खाली आणली. रेटिंग जाहिरातीतच छापायचं म्हटल्यावर मालक आपोआप जागे होतात.

तिसरा उपाय दंडुक्याचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून ई पेक्षा खालच्या एनर्जी रेटिंगची जागा, काही सवलती सोडल्या तर, नव्याने भाड्याने देता येत नाही. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये लोकल लॉ ९७ केला, २५,००० चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून उत्सर्जनाची मर्यादा घातली आणि मर्यादेच्या वर गेलेल्या प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड ठेवला. असा कायदा आला की ऊर्जेचा खर्च मेंटेनन्सच्या वहीतून उठून थेट मालमत्तेच्या किमतीत जाऊन बसतो, कारण उद्या विकत घेणारा दंडाचा हिशोब करूनच भाव लावणार.

पैसे नाहीत ही अडचण असेल तर एस्को नावाचा प्रकार आहे, म्हणजे एनर्जी सर्व्हिस कंपनी. ती स्वतः पैसे घालते किंवा बचतीची हमी देते आणि वाचलेल्या बिलातून आपले पैसे वळते करून घेते. कल्पना सुंदर आहे, भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून: बचत झाली किती? काम सुरू होण्याआधी बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचा आधीचा वापर, काय धरायची, मधेच दोन मजले रिकामे झाले किंवा उन्हाळा कडक गेला तर हिशोब कसा बदलायचा, हे सगळं सही करण्याआधी लिहून घ्या. अशा कंपन्यांना दिवे बदलण्यासारखी पटकन वसूल होणारी कामं आवडतात, मलई काढून झाली की खिडक्या-इन्सुलेशनसारखी अवघड कामं एकटी उरतात आणि मग ती कधीच परवडत नाहीत. म्हणून सोपी आणि अवघड कामं एकाच पॅकेजमध्ये बांधलेली बरी.

पेबॅकबद्दलही एक बोलायचंय. पंपाचे पैसे चार वर्षांत वसूल होतात म्हटलं की मॅनेजमेंट नाक मुरडते, दोन वर्षांच्या आत हवं म्हणते. अहो, पंप पंधरा वर्षं चालला तर उरलेली अकरा वर्षं फायदाच आहे, आणि चार वर्षांचा पेबॅक म्हणजे घातलेल्या पैशावर दरवर्षी २५ टक्के सुटतात. नवी शाखा काढताना इतक्या परताव्याची हमी कोणी मागतं का?

पाटी, सोलर आणि बाकी दावे

सर्टिफिकेट निरुपयोगी नसतात. ब्रिटनमध्ये १९९० साली ब्रीअॅम आलं, नंतर अमेरिकेतून लीड आलं, त्यांच्यामुळे बिल्डर लोकांना निदान या गोष्टींचा विचार करावा लागला. पण डिझाइनच्या वेळचा अंदाज आणि प्रत्यक्षातलं बिल यात अनेकदा मोठी तफावत असते. कोणी पाटी दाखवली तर शांतपणे विचारा, गेल्या बारा महिन्यांचे युनिट किती? उत्तर लगेच आलं तर माणूस खरंच काम करतोय.

सोलरचं गणित उंचीवर ठरतं. एकमजली गोदामाच्या छतावर त्याच्या गरजेपेक्षा जास्त वीज बनू शकते, पण वीस मजली टॉवरला छत तेवढंच आणि वापर वीसपट, तिथे सोलर लावावंच पण त्याने बिल्डिंग ग्रीन झाली असं समजू नये. आणि कंपनी ‘आम्ही १०० टक्के रिन्युएबल वीज वापरतो’ म्हणते तेव्हा ती बऱ्याचदा वर्षाच्या हिशोबात तेवढी रिन्युएबल वीज कुठेतरी बनल्याची सर्टिफिकेट विकत घेते, रात्री तिच्या एसीला वीज कुठून येते हा वेगळा प्रश्न.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात, एसीतला गॅस. आर-४१०ए नावाचं रेफ्रिजरंट गेली कित्येक वर्षं सर्रास वापरात आहे आणि त्याचा एक किलो गळला तर हवामानावर परिणाम होतो तो साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढा. २०१६ च्या किगाली करारात असे गॅस हळूहळू कमी करायचं जगाने ठरवलंय. दरवर्षी ‘गॅस भरला’ अशी मेंटेनन्सची पावती येत असेल तर तो गॅस गेला कुठे हे विचारायला नको का? बंद सिस्टीममधून तो आपोआप संपत नाही, तो गळतो. आधी गळती शोधायची.

मग सुरुवात कोणी आणि कशी करायची? एका माणसाचं नाव ठरवा, ज्याच्या कामाच्या मूल्यमापनात युनिट धरले जातील आणि ज्याला टायमर बदलायचा अधिकार असेल. त्याला पहिलं काम द्या ते उपकरणांची यादी करायचं: चिलर, बॉयलर, पंप, मोठे फॅन, प्रत्येकाचं वय आणि अजून किती वर्षं चालेल त्याचा अंदाज. कारण मशीन मरतं ते नेहमी भर उन्हाळ्यात नाहीतर ऐन थंडीत, लोक ओरडत असतात, आणि मग जे त्या दिवशी गोडाउनमध्ये मिळेल तेच, त्याच साइझचं, घाईघाईने आणून बसवतात आणि पुढची पंधरा वर्षं ते निमूट चालवत राहतात. ज्या मशीनची दोन-तीनच वर्षं उरलीत त्याच्या जागी काय घ्यायचं, किती साइझचं, त्याआधी कोणता लोड कमी करायचा आणि कोटेशन कोणाकडून, हे ते चालू असतानाच ठरवून फाइलला लावून ठेवा.